१८ हजार वॉर्निंग आल्या, पण दूध लागलं कुठं?

मागच्या अंकात क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या कॉम्प्युटरवर, थोडं लिहिलं होतं, तर या महिन्यात पेटीत त्याचीच पत्रं जास्त. पाच घेतली आहेत, बाकीच्यांनी रागावू नका. आणि उत्तरं कुठं लांबली कुठं तुटली असं वाटलं तर दोष कूलरचा, नागपुरात ४५ डिग्री चालू आहे आणि त्याचा पंप दर अर्ध्या तासानं बसून राहिला आहे.

प्रश्न : ताई नमस्कार, मी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या फायनल इयरला आहे. आमच्या ग्रुपनं प्रोजेक्ट घेतला, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना उघडा असलेल्या) क्लाऊड सॉफ्टवेअरमधले कोड क्वालिटीचे प्रॉब्लेम शोधायचा. ओपनस्टॅक या क्लाऊड उभारायच्या सॉफ्टवेअरमधला नोव्हा, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरातले कॉम्प्युटर) बनवणारा भाग, डाउनलोड केला, त्याच्यावर पायलिंट हे पायथॉन भाषेतल्या कोडचे दोष दाखवणारं टूल चालवलं, १८ हजारांच्या वर वॉर्निंग आल्या. सर म्हणतात पाय चार्ट काढा आणि रिपोर्ट लिहा. पण मला हेच समजून नाही राहिलं की यातलं खरोखर खराब काय आहे. एवढं खराब असेल तर ते चालते कसं?
– एक विद्यार्थिनी, प्रतापनगर

उत्तर : पहिले तर शाबास पोरी. पाय चार्ट काढून मोकळे होणारे पोट्टे दरवर्षी पाहते मी, 'यातलं खरोखर खराब काय' असं विचारणारी एखादीच निघते.

आता एक सांग, पायलिंट चालवायच्या आधी नोव्हाच्या डिपेन्डन्सी, म्हणजे त्याला लागणाऱ्या दुसऱ्या लायब्रऱ्या, इन्स्टॉल केल्या होत्या का? मला वाटते नसतील. नुसता गिटवरून (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल) कोड ओढला आणि त्याच्यावर पायलिंट सोडलं की त्याला ऑस्लोच्या लायब्रऱ्या सापडत नाहीत, एसक्यूएल-अल्केमी सापडत नाही, मग ते प्रत्येक फाइलच्या डोक्यावर इम्पोर्ट एरर मारत सुटते. याचा अर्थ कोड खराब आहे असा नाही, तुमच्या मशीनवर सामान नाही एवढाच. वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, रिक्वायरमेंट्स त्यात टाका, परत चालवा, आकडा धपकन खाली येईल. टेस्टचं फोल्डर वेगळं मोजा, टेस्टमध्ये एकसारख्या ओळी असणारच, तिथं 'डुप्लिकेट कोड' म्हणून ओरडण्यात काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट मापांची. पायलिंटची स्वतःची ठरलेली मापं आहेत, फंक्शनला ५ पेक्षा जास्त आर्ग्युमेंट नको, १२ पेक्षा जास्त ब्रँच नको, ५० पेक्षा जास्त स्टेटमेंट नको, ओळ १०० अक्षरांच्या आत हवी. ही मापं नोव्हाच्या अंगावरून घेतलेली नाहीत, बर्डीवरच्या रेडिमेड शर्टसारखी आहेत, कोणाला खांद्यात घट्ट तर कोणाला पोटावर ढिली. ओपनस्टॅकवाल्यांनी आपला शर्ट आपण शिवला आहे, फ्लेक-एट या पायलिंटसारख्याच टूलला जोडायचा 'हॅकिंग' नावाचा प्लगइन आहे त्यांचा, त्यात त्यांचे नियम, एच २०१ म्हणजे कोणती चूक पकडायची ते न सांगता नुसतं 'एक्सेप्ट' लिहून मोकळं व्हायचं नाही, एच १०१ म्हणजे टूडू (हे करायचं राहिलं) लिहिलं तर शेजारी नाव लिहा की हे कोण करणार आहे. ओळीची मर्यादा ७९. तेव्हा आधी त्यांच्याच टॉक्स या तपासण्या चालवायच्या टूलनं त्यांचीच पेप-एटवाली (पायथॉन लिहिण्याच्या नियमांची) तपासणी चालवून पाहा, ती बहुतेक साफ पास होईल, कारण त्याशिवाय तिथं पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, आतच जात नाही. आणि इथंच तुमच्या प्रोजेक्टचा खरा प्रश्न सुरू होतो. जे त्यांच्या चाळणीतून सुटलं ते काय आहे?

'कोड स्मेल', म्हणजे आत काहीतरी बिघडलं असावं अशी कोडमधली खूण, हा शब्द प्रोग्रामर केंट बेकचा, मार्टिन फाउलरच्या १९९९ च्या रिफॅक्टरिंगवरच्या (चालता कोड न मोडता नीट करण्यावरच्या) पुस्तकानं तो सगळीकडे पोचवला. मराठीत वासच म्हणा. घरात दूध लागल्याचा वास आला की आपण वासाचा तक्ता नाही मांडत, ओट्याकडे पळतो. मग कधी दूध खरंच लागलेलं असते, कधी शेजारच्या काकूंकडून वास येऊन राहिला असतो, तर कधी फक्त साय काठाला चिकटून जळलेली असते आणि दूध एकदम मस्त असते. तुमच्या १८ हजारात हे तिन्ही प्रकार आहेत आणि पाय चार्टमध्ये ते एकाच रंगात येतील.

'चालते कसं' याचं उत्तर असं की चालते, आणि चांगलं चालते. २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेस या होस्टिंग कंपनीनं मिळून हे ओपनस्टॅक सुरू केलं, नोव्हा नासाकडून आला आणि स्विफ्ट हा फाइली साठवणारा भाग रॅकस्पेसकडून, आणि जिनिव्हाजवळची सर्न ही प्रयोगशाळा २०१३ पासून तिथल्या भौतिकवाल्यांचे जॉब यावर चालवते. वास येणारा कोड बंद पडतोच असं नाही, तो बदलायला गेलं की त्रास देतो. हे लक्षात ठेवलं की शोधायचं कुठं तेही कळते, जिथं लोक रोज हात घालतात तिथं.

तर असं करा. गिट लॉगला मागच्या दोन वर्षांचे कमिट (नोंदवलेले बदल) मागा, फक्त फाइलींची नावं छापायला सांगा, ती सॉर्ट करून कोणती फाइल किती वेळा आली ते मोजा. पाच मिनिटांचं काम आहे. दुसरीकडे प्रत्येक फंक्शनची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी काढा, हे माप थॉमस मॅककेबनं १९७६ मध्ये दिलेलं, सोप्या भाषेत म्हणजे व्हरायटी चौकातून घुसलेला माणूस किती वेगवेगळ्या रस्त्यांनी बाहेर पडू शकतो. आता दोन्ही याद्या शेजारी ठेवा. गुंतागुंत जास्त पण दोन वर्षांत कोणी हात नाही लावला, अशी फाइल सोडून द्या, झोपलेल्याला उठवायचं काहून? सारखी बदलते पण सोपी आहे, तिलाही सोडा. दोन्हीत वर आलेल्या दहा-बारा फाइली उरतील, तिथं बसा. लिबव्हर्टचा (व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या लायब्ररीचा) ड्रायव्हर आणि कॉम्प्युटचा मॅनेजर या दोन फाइली यादीत नाही आल्या तर मला नवल वाटेल, दोन्ही १०,००० ओळींच्या वरच्या आहेत.

मग येते खरी मेहनत, आणि इथं पोट्टे पळतात. त्या फाइलींमधल्या वॉर्निंगमधून, समजा २००, चिठ्ठ्या टाकून निवडा, 'ही इंटरेस्टिंग दिसते' म्हणून निवडायची नाही. मग तुम्ही दोघी-तिघींनी एकमेकींना न विचारता प्रत्येकीपुढं लिहायचं, खरा दोष, दोष पण चालून जाईल, मुद्दाम केलेलं, की टूलची चूक. नंतर ताळा बघा. दोघींचं किती जुळलं त्यातून योगायोगानं जुळणारं वजा करायचं माप आहे, कोहेनचा कप्पा, १९६० चा, जेकब कोहेननं दिलेला. कप्पा कमी आला तर घाबरू नका, त्याचा अर्थ तुमच्या व्याख्या ढिल्या आहेत, बसा, भांडा, व्याख्या घट्ट करा, परत लेबल करा. हे भांडण रिपोर्टात लिहा, तेच वाचायला मजा येते.

'मुद्दाम केलेलं' हे कसं कळणार? ओपनस्टॅकमध्ये याची सोन्याची खाण आहे आणि कोणी उघडून पाहत नाही. प्रत्येक कमिटच्या खाली चेंज-आयडी नावाची ओळ असते. गिट ब्लेमनं (कोणती ओळ कोणी, कधी लिहिली ते दाखवणारी आज्ञा) ती वास मारणारी ओळ कोणत्या कमिटमध्ये आली ते काढा, चेंज-आयडी घ्या, गेरिट या त्यांच्या पॅच तपासायच्या वेबसाइटमध्ये टाका, त्या पॅचवर त्या वेळी झालेली सगळी चर्चा समोर येते. कोणीतरी लिहिलेलं असते की हे दिसायला वाईट आहे पण जुन्या लिबव्हर्टसाठी ठेवावं लागून राहिलं, पुढच्या रिलीजला काढू. आणि मग पाहायचं की काढलं का. असे 'पुढच्या रिलीजला काढू' किती आहेत आणि त्यातले किती खरंच निघाले, बाप्पा, हा तर स्वतंत्र प्रोजेक्ट आहे, सरांना सांगून पाहा.

मुद्दाम केलेल्याचं माझं आवडतं उदाहरण ओपनस्टॅकचं नाही, कुबरनेटिस या क्लाऊडवर ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. तिथं पर्सिस्टंट व्हॉल्यूम (ॲप्लिकेशन बंद पडलं तरी टिकणाऱ्या डिस्क) सांभाळणारा एक कंट्रोलर आहे, गो भाषेतला. फाइलीच्या वरच्या भागात मोठी कॉमेंट आहे, हा कोड मुद्दाम स्पेस शटलच्या पद्धतीनं लिहिला आहे, प्रत्येक इफला (असं असेल तर) एल्स (नसेल तर) आहे, करण्यासारखं काही नसलं तरी आहे, आणि हात जोडून विनंती की याला सोपं करायला जाऊ नका, शटल उडत राहू द्या. कारण असं की व्हॉल्यूम आणि क्लेम (डिस्कसाठी केलेली मागणी) यांच्या स्थितीच्या एवढ्या जोड्या होतात की एखादी सुटली तर कोणाचा तरी डेटा गेला. आता या फाइलीला कोणतंही टूल म्हणणार की बाई फार लांब आहे, फार खोल आहे. टूलचं चुकलं नाही आणि लिहिणाऱ्याचंही नाही. तुमच्या चार खान्यांपैकी तिसऱ्यात टाका आणि पुढे चला.

पाय चार्ट मात्र एक ठेवा शेवटी, सरांचं मन राखायला.

प्रश्न : ताई, आमच्या पाइपलाइनमध्ये, म्हणजे रिलीजआधी कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत, फ्लेक-एट आणि सुरक्षेचे दोष शोधणारं बँडिट लावलेलं आहे. रिलीजच्या दिवशी लाल दिसलं की सीनियर म्हणतो, नोक्वा नाहीतर नोसेक (ही ओळ तपासू नको असं टूलला सांगणारी कॉमेंट) टाक आणि पुढे चल. मी टाकतो. प्रत्येक वेळी काहीतरी जळल्यासारखं वाटते पण नोकरी आहे. हे एवढं मोठं पाप आहे का?
– डेव्हलपर, परसोडी आयटी पार्क

उत्तर : पाप नाही भाऊ, उधारी आहे. वॉर्ड कनिंगहॅम या प्रोग्रामरनं १९९२ मध्ये टेक्निकल डेट (तांत्रिक कर्ज) म्हटलं त्याला. उधारी करायला कोणी नाही म्हणत नाही, पण वहीत लिहायला तर पाहिजे. तुमचा नोक्वा वहीत न लिहिलेला आहे, जळते ते तिथं.

माझीच सांगते. मी एका होस्टिंग कंपनीत होती, नाव जाऊ द्या. त्यांचं आपलं क्लाऊड होतं ओपनस्टॅकवर. कस्टमरनं मशीन डिलीट केलं की मागं साफसफाईचा आमचाच एक स्क्रिप्ट चालायचा, डिस्क उडवायची, आयपी परत करायचा, डीएनएसमधली (नाव-पत्त्याच्या यादीतली) नोंद पुसायची. एका रात्री दोनच्या सुमारास फोन आला की नवीन मशीन बनून नाही राहिली. पाहिलं तर सिंडरच्या, म्हणजे ओपनस्टॅकमधल्या डिस्क सांभाळणाऱ्या भागाच्या, शेड्युलरला जागा असलेला बॅकएंडच (साठवणीची जागाच) मिळत नव्हता, स्टोरेज ठासून भरलेलं. पण कस्टमर तर तेवढेच! वापर मोजला तर अर्ध्याहून जास्त डिस्कला मालकच नाही, मशीन कधीचं गेलेलं आणि डिस्क तशीच बसलेली.

सकाळपर्यंत स्क्रिप्ट ओळ ओळ वाचून काढला. चार ओळी होत्या. ट्राय. व्हॉल्यूम डिलीट करायची ओळ. एक्सेप्ट एक्सेप्शन. पास. आणि पासच्या शेजारी, नोसेक. म्हणजे बँडिटनं पकडलं होतं! बी ११० नावाची तपासणी आहे त्यात, चूक पकडून गुपचूप गिळणारा ट्राय-एक्सेप्ट-पास शोधणारी. कोणीतरी तिचं तोंड बंद केलं होतं, कमिटचा मेसेज 'फिक्स बिल्ड'. व्हायचं असं की मशीनपासून डिस्क सुटायला कधी दोन सेकंद लागायचे कधी वीस, आणि सुटायच्या आत डिलीट मारलं की सिंडर नाही म्हणतो, डिस्क वापरात आहे. बरोबरच म्हणतो बिचारा. आमचा स्क्रिप्ट ते 'नाही' गिळायचा आणि लॉगमध्ये 'क्लीनअप डन' लिहून झोपी जायचा. ज्यानं ती नोसेक टाकली तो रिलीजच्या दिवशी घाईत होता, माझ्याच शेजारी बसायचा, आणि तो पॅच अप्रूव्ह मी केला होता. हे मी त्या सकाळी गोकुळपेठेत तर्री पोहे खाताना त्याला सांगितलं, तो काही बोलला नाही, माझ्या प्लेटमधली शेव उचलून खाल्ली फक्त.

म्हणून आता नोक्वा टाकायचाच असेल तर उघडा नको. पुढे कोलन देऊन नेमका कोड लिहा, ई ५०१ असेल तर ई ५०१, म्हणजे ओळ लांब आहे एवढंच माफ, बाकीचे दोष त्या ओळीवर आले तर दिसतील. उघडा नोक्वा सगळंच झाकते. शेजारी चार शब्दांत कारण लिहा. आणि महिन्यातून एकदा फ्लेक-एटला डिसेबल-नोक्वा आणि बँडिटला इग्नोर-नोसेक देऊन चालवा, हे दोन्ही पर्याय त्यात आहेत, झाकलेलं सगळं बाहेर येते. तो आकडा सीनियरला नुसता दाखवा, भांडू नका. आकडा दर महिन्याला चढून राहिला असं दोनदा दिसलं की त्यालाच लाज वाटते, अनुभव आहे. जुना कचरा खूप असेल तर बँडिटला बेसलाइन देता येते, आज जे आहे ते आहे, नवीन आलं तरच लाल कर.

टूल सगळं पकडते असंही समजू नका. २०१४ च्या फेब्रुवारीत ॲपलच्या सिक्युरिटी कोडमध्ये 'गोटू फेल' (थेट शेवटी उडी मार) ही एक ओळ दोनदा लागली होती, दुसरी ओळ इफच्या बाहेर, त्यामुळं खालची खरी तपासणी कधी होतच नव्हती. कंपायलरला न पोचणारा कोड दाखव म्हणून सांगितलं असतं तर त्यानं दाखवला असता, तो पर्याय आपोआप चालू नसतो. दोनच महिन्यांनी एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीतला हार्टब्लीड नावाचा दोष समोर आला, समोरचा सांगेल तेवढी लांबी खरी मानून मेमरी परत पाठवायची, एक हद्द तपासायची राहिली होती, आणि तो काही त्या वेळच्या कोड वाचणाऱ्या नावाजलेल्या टूलांनी पकडला नाही, कोड ओळ ओळ वाचणाऱ्या माणसानं पकडला. पहिला वास टूलच्या नाकाचा, दुसरा नाही.

प्रश्न : ताई, मी रिटायर्ड आहे, कॉम्प्युटरातलं कळत नाही. मुलगा पुण्यात कंपनीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी घरी बसून कुठल्या तरी फुकटच्या सॉफ्टवेअरचं 'रिव्ह्यू' करतो म्हणतो, पैसे मिळत नाहीत. जे फुकट आहे आणि कोणीही लिहिते ते चांगलं कसं असणार?
– मानेवाडा रोड

उत्तर : काका, कोणीही लिहू शकते पण कोणाचंही आत जात नाही. नोव्हासारख्या प्रोजेक्टमध्ये एक पॅच आत जायला दोन जाणत्या लोकांनी प्रत्येकी 'अधिक दोन', म्हणजे पूर्ण होकाराचे गुण, द्यावे लागतात, आणि त्याच्या आधी मशीन सगळ्या टेस्ट चालवते. तुमचा मुलगा ते वाचायचं काम करून राहिला आहे, म्हणजे सोसायटीच्या हिशोबाची वही उघडी ठेवली आहे आणि तो रविवारी ती तपासतो असं समजा.

या वाचण्यातून काय होते ते सांगते. २०२४ च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका प्रोग्रामरच्या लक्षात आलं की त्याच्या टेस्ट मशीनवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागून राहिला आहे. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी चहा प्यायला असता. त्यानं खणत खणत जाऊन शोधलं तर 'एक्स-झेड' नावाच्या, जवळपास सगळ्या लिनक्समध्ये असणाऱ्या फाइल दाबायच्या लायब्ररीत कोणीतरी दोन वर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. तो कोड उघडा होता म्हणून त्याला आत शिरून पाहता आलं. त्याच उघडेपणामुळं चोरही आत आला, हेही खरं आहे, लपवत नाही. त्या लायब्ररीला खऱ्या अर्थानं सांभाळणारा माणूस बरीच वर्षं एकच होता, दमलेला, आणि चोरानं त्याचाच फायदा घेतला. मुलाला रविवारी जेवायला वेळेवर उठवा, बाकी करू द्या त्याला.

प्रश्न : मॅडम, मी कॉलेजात शिकवतो. ओपन सोर्सची सवय लागावी म्हणून सेकंड इयरच्या मुलांना असाइनमेंट दिली, कोणत्याही क्लाऊड प्रोजेक्टवर लिंटर (पायलिंटसारखं दोष दाखवणारं टूल) चालवा, सापडलेली एक वॉर्निंग दुरुस्त करा, पॅच पाठवा, दहा मार्क. तीसेक पॅच एका आठवड्यात गेले आणि जवळपास सगळे नाकारले. एकानं तर 'कृपया असं करू नका' असं लिहून पाठवलं. मुलं नाराज आहेत. त्यांनी चूकच दुरुस्त केली होती ना?
– हिंगणा रोड

उत्तर : सर, राग नका मानू पण ते 'कृपया' फार सभ्य होतं. २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्टला, म्हणजे ओपन सोर्सला हातभार लावला की टी-शर्ट देणाऱ्या उपक्रमाला, टी-शर्टसाठी लोकांनी एवढे टुकार पुल रिक्वेस्ट (आमचा बदल घ्या अशा विनंत्या) पाठवले, रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख सांगणाऱ्या फाइलीत) एक विशेषण वाढवलं, झालं, की ३ ऑक्टोबरलाच आयोजकांना नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टला हवं त्यांनीच भाग घ्यायचा. तुमच्या दहा मार्कांचं आणि त्या टी-शर्टचं गोत्र एकच आहे.

एका पॅचचा तिकडे खर्च काय ते मुलांना दाखवा. ओपनस्टॅकमध्ये कोडच्या फाइलीत स्वल्पविराम हलवला तरी झूल नावाची सिस्टिम जागी होते, व्हर्च्युअल मशीन घेते, त्यावर डेव्हस्टॅकनं अख्खं छोटं क्लाऊड उभं करते, टेम्पेस्टच्या टेस्ट मारते. मग दोन माणसांनी वाचायचं. त्यातून नफा काय तर एक व्हेरिएबलचं नाव सुंदर झालं. आणि तोटा असा की त्या ओळीवर आता गिट ब्लेममध्ये तुमच्या विद्यार्थ्याचं नाव आलं, खरं कारण जाणणारा माणूस एक पायरी मागं गेला. मोठ्या फॉर्मॅटिंगच्या कमिटसाठी गिट २.२३ पासून 'हे कमिट वगळून दाखव' अशी सोय आहे, पण तीस जणांच्या तीस कमिटसाठी कोण बसणार ती यादी सांभाळत? जुन्या स्टेबल ब्रँचवर (आधी रिलीज झालेल्या व्हर्जनवर) दुरुस्ती न्यायची वेळ आली की त्याच ओळींवर कॉन्फ्लिक्ट (दोन बदलांची टक्कर) येतात ते आणखी वेगळं.

मार्क द्यायचेच तर शोधण्याला द्या. लाँचपॅडवर, म्हणजे ओपनस्टॅकच्या बगांची यादी असते तिथं, 'लो हँगिंग फ्रूट' टॅगचे सोपे बग असतात, कुबरनेटिसवर 'गुड फर्स्ट इश्यू' असते, त्यातला एक घ्यायला लावा आणि पॅच पाठवायचाच नाही, फक्त बग आपल्या मशीनवर घडवून दाखवायचा आणि खाली स्वच्छ लिहायचं की असा असा घडतो. अर्ध्यांना घडवताच येणार नाही, त्यांनी तेही लिहायचं, 'अमुक व्हर्जनवर घडत नाही' ही माहिती तिथल्या लोकांना सोन्यासारखी लागते. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला हे जमते. आणि नाकारलेल्या तीस पॅचपैकी दोन-तीन तरी खरे असतील, फंक्शनच्या डिफॉल्टला रिकामी लिस्ट दिलेली वगैरे, जी एकदाच बनते आणि दर कॉलला आधीचा माल घेऊन येते. ते शोधा. त्यांच्यासोबत एक अशी टेस्ट जोडा की जी जुन्या कोडवर पडते आणि नव्यावर पास होते, मग पाठवा. तोच पॅच, पण आता लिंटरच्या जागी टेस्ट बोलते, रिव्ह्यूअरचा सूर बदलतो.

प्रश्न : आमची काटोल रोडला जिनिंग आहे, पोरगा लिंट लिंट करत राहते कॉम्प्युटरसमोर, मला वाटलं धंद्यात लक्ष घालून राहिला! हे त्यांचं लिंट म्हणजे काय?
– एक जिनिंगवाले

उत्तर : भाऊ, हसून हसून कूलर बंद पडला माझा. सी भाषेतल्या कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवायला बेल लॅब्जमधल्या स्टीफन जॉन्सननं १९७८ मध्ये एक प्रोग्राम लिहिला, त्याचं नाव लिंट, तिथून पुढे अशा सगळ्या टूलांना लिंटर म्हणू लागले. नाव कापसावरून नाही पण कापसाच्या नातलगावरून आहे, धुतलेल्या कपड्याच्या खिशात जी बारीक पांढरी लव जमते ना, गोळा होऊन बसते, ती. कपडा चांगला आहे, अंगावर घालताही येते, पण ती झटकायची. तुमच्याकडे बरोबर उलटं, तुम्ही लिंट गठाणीत बांधून विकता आणि सरकी वेगळी काढता. पोराला एकदा जिनवर उभं करा आणि विचारा, तुझ्या टूलला यातली सरकी कोणती ते कळते का.